तळघरातली पहिली सभा : टोस्टमास्टर्सची शंभर वर्षे

२२ ऑक्टोबर १९२४ रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा अ‍ॅना गावी वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेच्या इमारतीच्या तळघरात काही माणसे जमली. त्यांच्यात कोणी नामवंत वक्ता नव्हता. जमण्याचा हेतू एवढाच, की आळीपाळीने उभे राहून चारचौघांसमोर बोलायचे आणि एकाचे बोलणे झाले की बाकीच्यांनी ते कसे झाले हे त्याला सांगायचे. बोलावणारे होते वायएमसीएचे सेहेचाळीस वर्षांचे सचिव राल्फ स्मेडली. आज सुमारे दीडशे देशांत पसरलेल्या टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल या संस्थेची मुहूर्तमेढ त्या संध्याकाळी रोवली गेली.

शताब्दीनिमित्त संस्थेची वाटचाल लिहायला मला सांगण्यात आले, तेव्हा आधी संकोच वाटला. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आणि काही वर्षे आमच्या विद्यार्थ्यांच्या क्लबबरोबर काम करतो आहे. इतिहासाचा माझा अभ्यास नाही. पण दर आठवड्याला माझ्यासमोर जे घडते त्याचे मूळ कुठे आहे, हे शोधावेसे वाटले आणि लिहायला बसलो.

१९०५ ते १९२२ : रुजण्याआधीची वर्षे

स्मेडली यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८७८ चा, इलिनॉय राज्यातला. १९०३ मध्ये इलिनॉय वेस्लियन विद्यापीठाची पदवी घेऊन ते ब्लूमिंग्टन गावच्या वायएमसीएत शिक्षणविभागाचे काम पाहू लागले. तिथे येणारी मोठी मुले आणि तरुण शिकलेले होते, चुणचुणीत होते, कामाला तयार होते. पण सभा चालवायची, ठराव मांडायचा, समितीच्या बैठकीत मत द्यायचे म्हटले की त्यांची जीभ अडखळायची. कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेल्या स्मेडलींच्या हे लगेच ध्यानात आले. वक्तृत्व आणि सभासंचालन या दोन्ही गोष्टी मुलांना एकत्रच शिकवायला हव्यात, असे ठरवून १९०५ मध्ये त्यांनी एक मंडळ सुरू केले.

नाव पडले टोस्टमास्टर्स क्लब. मेजवानीच्या अखेरीस पेले उंचावून शुभेच्छा देण्याची तिकडे रीत आहे. त्या वेळी वक्त्यांची ओळख करून देत कार्यक्रम पुढे नेणारा तो टोस्टमास्टर, म्हणजे आपल्याकडचा सूत्रसंचालक. नावामुळे पुष्कळांचा खाण्यापिण्याच्या क्लबाशी घोटाळा होतो, म्हणून हा खुलासा.

मुले जमू लागली, मंडळ रंगात आले आणि स्मेडलींची बदली झाली. ते गेले आणि मंडळ बंद पडले. नव्या गावी त्यांनी ते पुन्हा उभे केले, तिथून बदली झाल्यावर तेही बंद पडले. असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. संस्थांच्या इतिहासात हा काळ सहसा दोन ओळींत उरकतात. मला मात्र तो सर्वांत मोलाचा वाटतो. कॉलेजात एखादा उत्साही प्राध्यापक वादविवाद मंडळ काढतो, त्याची बदली होते किंवा तो निवृत्त होतो, आणि दोन वर्षांत मंडळाचे कपाट कुलूपबंद होते. हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे. माणूस गेला तरी काम चालावे यासाठी काय करावे लागते, हे स्मेडली या अठरा वर्षांत शिकले असावेत.

१९२४ ते १९३० : तळघर ते महासंघ

स्मेडली १९२२ मध्ये सँटा अ‍ॅनाला आले आणि दोन वर्षांनी ती तळघरातली सभा झाली. सभेची पद्धत साधी होती. भाषणे छोटी, पाच-सात मिनिटांची. अध्यक्ष दर वेळी वेगळा. आणि प्रत्येक भाषणाचे मूल्यमापन करणारे श्रोत्यांतलेच. शिक्षक नावाची व्यक्ती त्या खोलीत नव्हती. स्मेडली स्वतःही सदस्य म्हणूनच बसत.

माझ्या मते संस्थेचे सगळे बळ या रचनेत आहे. शिकवणाऱ्याची जागाच ठेवलेली नसेल तर ती रिकामी पडण्याचे भय राहत नाही. आज जो बोलतो, तोच पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचे ऐकून अभिप्राय देतो, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात वेळ मोजतो.

शेजारच्या अ‍ॅनाहाइममध्ये दुसरा क्लब निघाला. पुढे लॉस एंजेलिस, लाँग बीच अशी गावे जोडली गेली. नवे क्लब काढू पाहणाऱ्यांसाठी स्मेडलींनी मार्गदर्शक पुस्तिका लिहिल्या. चौकशीची पत्रे वाढली तेव्हा क्लबांनी एकत्र येऊन १९३० मध्ये महासंघ स्थापन केला. त्याच सुमारास कॅनडातल्या न्यू वेस्टमिन्स्टर शहरातल्या एका वक्तृत्व मंडळानेही क्लब काढायची इच्छा कळवली आणि नावात ‘इंटरनॅशनल’ आले.

१९३१ ते १९४० : नोंदणी, नियतकालिक, स्पर्धा

१९ डिसेंबर १९३२ रोजी कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार संस्थेची नोंदणी झाली. १९३३ पासून ‘द टोस्टमास्टर’ हे नियतकालिक निघू लागले. महामंदीचा तो काळ. नोकऱ्या गेलेल्या, मुलाखती देत फिरणाऱ्या माणसांच्या त्या दिवसांत ही चळवळ आटली नाही, वाढली. ब्रिटनमध्येही क्लब निघाले. १९३८ मध्ये पहिली आंतरराष्ट्रीय वक्तृत्व स्पर्धा झाली. आज ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ पब्लिक स्पीकिंग’ म्हणून जिचे नाव घेतले जाते ती हीच.

सदस्यत्व त्या काळी फक्त पुरुषांना होते. १९३८ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत अर्नेस्टाइन व्हाइट यांनी स्त्रियांसाठी ‘टोस्टमिस्ट्रेस’ क्लबांची वेगळी संघटना उभारली. तिचा इतिहास स्वतंत्रपणे लिहिण्याच्या योग्यतेचा आहे. इथे त्या भगिनींचे आदराने स्मरण करतो.

१९४१ ते १९६५ : संस्थापकांची अखेरची पंचवीस वर्षे

१९४१ मध्ये वायएमसीएची नोकरी सोडून स्मेडलींनी पूर्ण वेळ संस्थेला दिला. कार्यालयाचा व्याप टेड ब्लँडिंग यांनी सांभाळला आणि स्मेडली शिक्षणक्रमात रमले. याच काळात ‘बेसिक ट्रेनिंग’ ही पुस्तिका तयार झाली. पहिले भाषण स्वतःची ओळख करून देणारे, मग मांडणीचे, मग हातवाऱ्यांचे, मग आवाजाचे अशी एकेक पायरी चढत जायची. पुढे पुस्तिकांची नावे बदलली, पायऱ्यांची संख्या बदलली, पण स्वतःची ओळख करून देणारे पहिले भाषण कायम राहिले. १९६२ मध्ये सँटा अ‍ॅना इथे संस्थेची स्वतःची वास्तू उभी राहिली आणि ती पाहण्याचे भाग्य संस्थापकांना लाभले. ११ सप्टेंबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले.

या वेळी मात्र काम थांबले नाही.

१९७०चे दशक : दार उघडले

स्त्रियांना सदस्यत्व द्यावे की नाही यावर संस्थेत बरीच वर्षे चर्चा चालू होती. मते निरनिराळी होती, आणि आता त्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. घडले ते सांगतो. सॅन दिएगोत नौदलाच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या हेलन ब्लँचर्ड यांना १९७० मध्ये तिथल्या क्लबाने सदस्य करून घेतले. नियम आड येत होता, म्हणून सहकाऱ्यांनी अर्जावर त्यांचे नाव ‘होमर’ असे पुरुषाचे लिहून पाठवले. १९७३ च्या अधिवेशनात नियम बदलला आणि होमर ब्लँचर्ड पुन्हा हेलन झाल्या. १९८५-८६ साठी त्याच संस्थेच्या आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदी निवडून आल्या. पहिल्या महिला अध्यक्ष.

आमच्या क्लबात नव्याने येणाऱ्या मुलींना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. सभेत मुली जास्त आणि मुलगे कमी असे चित्र आता नेहमी दिसते. त्या खुर्चीवर बसण्यासाठी एकेकाळी खोटे नाव लावावे लागले होते, हे त्यांना ठाऊक असावे असे वाटते.

१९८१ ते २००० : विस्तार

या वीस वर्षांत संस्था अमेरिकेबाहेर झपाट्याने वाढली. १९९० मध्ये मुख्यालय रँचो सँटा मार्गारिटा इथे हलले. अठरा वर्षांखालील मुलांसाठी आठ सत्रांचा युवा नेतृत्व वर्ग, ज्यांना नेहमीचे सदस्यत्व घेणे शक्य नाही त्यांच्यासाठी ‘गॅव्हल क्लब’, तुरुंगातल्या बंदिजनांसाठी क्लब असे उपक्रम देशोदेशीच्या कार्यकर्त्यांनी चालवले. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही स्मरणिकेत येणार नाहीत. संस्था उभी आहे ती त्यांच्या जोरावर.

२००१ ते २०१० : आपल्या कॉलेजांत

वक्तृत्व महाराष्ट्राला नवे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पिढ्यान्पिढ्या श्रोते घडवले. शाळा-कॉलेजांत वक्तृत्व स्पर्धांच्या ढाली अजूनही फिरत असतात. पण स्पर्धेला उतरतो तो आधीच बोलका असलेला मुलगा. बाईंनी लिहून दिलेले भाषण पाठ करून तो ढाल आणतो, आणि मागच्या बाकावरची चाळीस मुले टाळ्या वाजवतात. त्या चाळिसांचे काय, हा प्रश्न बराच काळ कोणी विचारला नाही.

परिस्थितीने तो विचारायला लावला. १९८३ मध्ये महाराष्ट्र सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि खेड्यापाड्यांतल्या मुलांना पदवीची वाट मोकळी झाली. १९९१ नंतर खासगी कंपन्या वाढल्या, पुण्यात हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान केंद्र उभे राहिले, कॅम्पस मुलाखती सुरू झाल्या. लेखी परीक्षेत पहिला आलेला मुलगा गटचर्चेत मुका बसू लागला. गणित येत होते, यंत्र कळत होते, पण ‘स्वतःबद्दल सांगा’ या वाक्याशी गाडी अडायची. पुण्या-मुंबईत कंपन्यांच्या आवारात टोस्टमास्टर्सचे क्लब होते. तिथल्या काही सदस्यांनी आपापल्या जुन्या कॉलेजांत जाऊन क्लब काढायला मदत केली. क्लबाला मान्यता मिळायला किमान वीस सदस्य लागतात, तेवढी जमवताना पहिल्या वर्षी चांगलीच दमछाक होते.

सभा कशी चालते ते एकदा जवळून दाखवतो, म्हणजे बाकीचे समजेल.

आमच्याकडची एक संध्याकाळ. कॉलेजच्या वर्गातले बाक भिंतीला सरकवलेले, खुर्च्या अर्धवर्तुळात. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा पहिले भाषण करणार होता. मराठवाड्यातल्या एका गावचा. पहिल्या भाषणाला ‘आइसब्रेकर’ म्हणतात, त्यात चार ते सहा मिनिटे स्वतःविषयी बोलायचे. समोर टाइमर हिरवे, पिवळे, लाल कार्ड घेऊन बसलेली. कोपऱ्यात आह-काउंटर, म्हणजे वक्ता ‘अं’, ‘म्हणजे’, ‘यू नो’ किती वेळा म्हणतो हे मोजणारा. मुलाने इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला नजर छताकडे गेली. आह-काउंटरच्या कागदावर रेघा वाढत चालल्या. मग तो वडिलांच्या मळणी यंत्राकडे वळला. हंगामात ते यंत्र गावोगाव भाड्याने जाते, याने सुट्टीत त्यावर काम केलेले, पट्टा निसटला की आवाज कसा बदलतो आणि अंधारातही तो नुसत्या आवाजावरून बिघाड कसा ओळखतो, हे तो सांगू लागला. तो आवाज त्याने तोंडाने काढून दाखवला. हिरवे कार्ड केव्हा दिसले हे त्याला कळलेही नाही. लाल दिसले तेव्हा तो थांबला, घामाघूम.

मूल्यमापन करायला उभी राहिली तिसऱ्या वर्षाची मुलगी. तिला तीन मिनिटे होती. ती म्हणाली, ‘‘पहिले दीड मिनिट तू शब्द शोधत होतास, तेव्हा आम्ही तुला दिसत नव्हतो. यंत्राबद्दल बोलायला लागलास तसा आमच्याकडे बघायला लागलास. पुढच्या वेळी यंत्रापासूनच सुरुवात कर.’’ आह-काउंटरने आकडा वाचला, सव्वीस. त्यांतले यंत्राच्या गोष्टीतले फक्त चार.

मी बावीस वर्षे शिकवतो आहे. इतका नेमका आणि इतका मायेचा अभिप्राय मी स्वतः कोणा विद्यार्थ्याला क्वचितच दिला असेल. त्या मुलीला तो देता आला, कारण वर्षभर ती दर आठवड्याला कोणाचे तरी बोलणे लक्ष देऊन ऐकत होती. लोकांना वाटते, इथे बोलायला शिकवतात. बोलायला येतेच. पण ऐकून घेणे आणि समोरच्याला न दुखवता खरे सांगणे ही विद्या अधिक दुर्मीळ आहे. पुढे नोकरीत तीच जास्त कामाला येते, असे आमचे माजी विद्यार्थी परत येऊन सांगतात.

दुसरी गोष्ट करिअरची. त्यासाठी क्लबात वेगळा वर्ग नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. कॉलेजचा क्लब शेजारच्या कंपनीच्या, वस्तीतल्या क्लबांना सभेला बोलावतो, त्यांच्याकडे जातो. तिथे बँकेतला अधिकारी, औषधांचा विक्री प्रतिनिधी, वकील, निवृत्त शिक्षिका उभे राहून आपले दिवस कसे जातात ते सांगतात. सदस्याचे पहिलेच भाषण स्वतःविषयी असल्याने हे आपोआप घडते. मळणी यंत्रवाल्या मुलाला यंत्रांची दुरुस्ती आणि देखभाल हेच एक मोठे कार्यक्षेत्र असते, हे अशाच एका सभेत कळले. कारखान्यात देखभाल विभागात काम करणारे एक गृहस्थ त्या दिवशी बोलत होते. सभा संपल्यावर दोघे पार्किंगमध्ये तासभर उभे होते. आता तो मुलगा त्याच क्षेत्रात आहे.

पदाधिकाऱ्यांचेही असेच. अध्यक्ष, तीन उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सार्जंट अ‍ॅट आर्म्स, अशी सात पदे. सार्जंटचे काम खुर्च्या मांडणे, फलक लावणे, सभा वेळेवर सुरू करवणे. जुलै ते जून असे वर्ष, मग नवे पदाधिकारी. सार्जंटपासून सुरुवात करून अध्यक्षपदापर्यंत आलेली मुले मुलाखतीत ‘नेतृत्वाचा अनुभव सांगा’ या प्रश्नाला घाबरत नाहीत. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे असते.

२०११ ते २०२४ : नवा अभ्यासक्रम, महासाथ आणि शताब्दी

२०१५ ची जागतिक स्पर्धा सौदी अरेबियाच्या मोहम्मद कहतानी यांनी जिंकली. लहानपणी ते बोलताना अडखळत असत. त्यांच्या भाषणाची ध्वनिचित्रफीत आमच्या मुलांनी किती वेळा पाहिली असेल याला गणती नाही. २०१८ मध्ये मुख्यालय कोलोरॅडोतल्या एंगलवुड इथे गेले. त्याच सुमारास ‘पाथवेज’ हा नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आला. पाच पातळ्या, आणि भाषणांच्या जोडीला सभासंचालन, प्रकल्प आखणी, मार्गदर्शन असे विषय. २०१९-२० मध्ये भारतातले दीपक मेनन आंतरराष्ट्रीय अध्यक्ष होते.

नेमके त्याच वर्षी कोविड आला. २०२० चे पॅरिसचे अधिवेशन प्रत्यक्षात होऊ शकले नाही, ते ऑनलाइन घ्यावे लागले. आमच्या कॉलेजचे वसतिगृह रिकामे झाले आणि मुले गावी गेली. नेटवर्क मिळवायला कोणी गच्चीवर, कोणी शेताच्या बांधावर बसून सभेला येई. भाषणाच्या मध्येच म्हैस हंबरली तर कोणी हसत नसे. त्या दोन वर्षांत क्लब टिकला तो सर्वस्वी विद्यार्थ्यांनी टिकवला. आम्ही शिक्षक ऑनलाइन वर्गांतच गुंतलो होतो.

शताब्दीचे अधिवेशन ऑगस्ट २०२४ मध्ये अ‍ॅनाहाइमला भरले. संस्थेच्या दुसऱ्या क्लबाचे गाव, सँटा अ‍ॅनापासून जवळच. जगभरात आज १४ हजारांच्या आसपास क्लब आहेत.

यापुढे

दोन विनंत्या करून थांबतो.

पहिली भाषेची. क्लबाची सभा कोणत्याही भाषेत घेता येते, तसे बंधन नाही. पाथवेजचे साहित्य आता तमिळमध्येही उपलब्ध आहे. मराठीत ते यावे म्हणून अनुवादाला हातभार लावू शकणाऱ्या शिक्षकांनी आणि माजी सदस्यांनी पुढे यावे. तोवर प्रत्येक कॉलेज क्लबाने महिन्यातली एक सभा मराठीत घ्यावी.

दुसरी वर्गणीची. ती डॉलरमध्ये ठरते आणि वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला जड जाते. केवळ तेवढ्यासाठी आमच्याकडची चांगली मुले दर वर्षी गळतात. नोकरीला लागलेल्या प्रत्येक माजी सदस्याने आपल्या जुन्या क्लबातल्या एका विद्यार्थ्याची सहा महिन्यांची वर्गणी भरावी. नाव कळवण्याची गरज नाही. क्लबाच्या खजिनदाराकडे रक्कम दिली की पुरे.